सरकारला हरकत कशाला हवी?

आठवीच्या मराठीच्या तासाला मी मुलांना वर्तमानपत्राचं एक कात्रण आणायला सांगतो. बातमी, जाहिरात, निधनवार्ता, काहीही चालतं. त्यातले पाच शब्द निवडायचे आणि त्यांचा अर्थ शोधायचा. उर्दू माध्यमाच्या मुलांना छापील मराठीची सवय व्हावी, एवढाच हेतू. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने जाहीर सूचनेचं कात्रण आणलं. उभा राहून म्हणाला, "सर, ये लोग हरकत मंगा रहे. सरकार को हरकत कायको होना?"

वर्ग खो खो हसला. आमच्या घरांमध्ये हरकत म्हणजे खोडी. पोराने शेजाऱ्याच्या कोंबडीला दगड मारला की ती हरकत. उर्दूत मूळ अर्थ हालचाल. हाच शब्द मराठीच्या दप्तरात शिरला आणि आक्षेप झाला. उलट उर्दूत आक्षेपाला जो शब्द आहे, एतराज, तो मराठीत येऊन 'इतराजी' झाला, म्हणजे वरिष्ठांची नाराजी. हरकत घेतली की इतराजी होते, हे या दोन शब्दांनी मराठीत येताना आपसात ठरवूनच घेतलं असावं.

मुलांना मी अर्थ सांगितला आणि तास संपवला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे होते. मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस. सूचना होती दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावाच्या प्रारूप विकास आराखड्याची. त्या गावाचं नाव इथे घेत नाही. तिथे त्यांची सासुरवाडी. मोहल्ल्यातून रस्ता जाणार अशी कुणकुण लागली होती. नेमका कुठून, हे कुणालाच माहीत नव्हतं. "सर, आपको मराठी आती. एक बार चलो." शनिवारी आम्ही दोघे एसटीने गेलो.

नकाशा एका कार्यालयाच्या जिन्याखालच्या भिंतीवर लावलेला होता. खाली सायकली टेकवलेल्या. पिवळा रंग निवासी, हिरवा शेती, जांभळा औद्योगिक, असं कोपऱ्यात लिहिलेलं. अक्षरं इतकी बारीक की मी मोबाइलची बॅटरी लावून वाचत होतो. शेजारी दुसरा नकाशा, 'विद्यमान जमीन वापर'. आज जमिनीवर काय आहे ते दाखवणारा. त्यावर आम्ही त्यांच्या सासऱ्यांचा मोहल्ला शोधला. ओढा सापडला, जुनी जिनिंग सापडली, कब्रस्तानाची भिंत सापडली. मोहल्ल्याच्या जागी हिरवा रंग होता. जिथे माणसं तीस वर्षं राहत होती, वीजबिल भरत होती, तिथे नकाशाच्या लेखी शेत होतं. आणि त्या शेतातून प्रस्तावित नकाशावर दोन समांतर रेषा सरळ गेलेल्या होत्या. रस्ता शेतातूनच काढणार ना. काढणाऱ्याचं तरी काय चुकलं, त्याच्यासमोर घरं नव्हतीच.

फोटो काढायला गेलो तर मनाई झाली. नक्कल हवी तर अर्ज करा, आठवड्याने या. हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत होती आणि त्यातले अकरा संपले होते.

परतीच्या गाडीत ते गृहस्थ गप्प होते. मी मात्र एकाच गोष्टीत अडकलो होतो. ही जमीन कुणीतरी कधीतरी मोजली. त्या मोजणीचा कागद झाला. मग तो कागद ज्याची जमीन त्यालाच दिसेनासा कसा झाला? इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय नाही, पण पुढचे काही महिने मी हेच वाचत होतो.

नकाशे नव्हते तेव्हा आपल्याकडे हद्दी माणसांच्या डोक्यात असत. वाद झाला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. त्यांनी दिलेल्या निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत. मूळ अरबी शब्द, 'हजर'च्या घरातलाच. जे हजर होते त्यांची नावं आणि निशाण्या कागदाखाली येत. कुणब्याचा नांगर, इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारं. गावाच्या शिवेचा तंटा असला तर महाराची साक्ष वजनदार मानली जाई, कारण शीव रोज पायाखाली घालणारा तोच. ज्याला राहायला जागा गावकुसाबाहेर, त्याच्याच सांगण्यावर शीव ठरायची, हा विरोधाभास विसरू नये. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. पण हद्द चालून दाखवली जायची आणि ती चालताना सगळा गाव बघत असायचा, एवढं खरं.

राज्यकर्त्यांना मोजणी हवी असते ती साऱ्यासाठी. निजामशाहीत मलिक अंबरने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची जी घडी बसवली, तिचं नाव महाराष्ट्रात पुढे कितीतरी पिढ्या निघत राहिलं. आमच्यातले काही लोक मलिक अंबर म्हटलं की फक्त गनिमी कावा आणि औरंगाबादची नहर आठवतात. त्याची महसुलाची घडी आठवायला हवी, कारण तिच्यातले शब्द आजही तलाठ्याच्या तोंडी आहेत. जमीन, महसूल, तहसील, तालुका, मौजे, जमाबंदी, दप्तर, सनद, नकाशा, हद्द. मुलांना मी गमतीने सांगतो, सातबारा वाचायला बसलात तर निम्मी उर्दू तुम्हाला फुकट मिळते.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मोजणी बिघडवली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाअखेरीस पुणे भागात मोजणी केली. विलायतेतल्या अर्थशास्त्राच्या हिशेबाने त्याने निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्यावर सारा बसवला. कागद चोख, जमिनीवर मात्र हाहाकार. लोक गावं सोडून गेले. मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. शेताला क्रमांक, त्याची प्रतवारी, आणि तीस वर्षं न बदलणारा सारा. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने पद्धत पक्की झाली. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो तिथून आला.

त्या मोजणीचं हत्यार होतं शंकूसाखळी. लांबी ३३ फूट, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचा १०८९ हा विचित्र आकडा कुठून आला, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मुलांना शाळेच्या मैदानात दोरी धरून एक गुंठा आखून दाखवला तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "बस इतना ही?" ज्यांच्या घरात एक गुंठ्याच्या तुकड्यावरून दोन भावांचं बोलणं बंद आहे, अशी मुलंही त्यात होती.

१८५२ मध्ये ही साखळी खानदेशात आली आणि लोकांनी ती अडवली. सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या भागात मोठे जमाव जमले. मोजणी बंद करा, एवढीच मागणी. मोजलं म्हणजे सारा वाढणार, ही धास्ती. सरकारने लष्कर आणलं, पुढाऱ्यांना पकडलं, आणि मोजणी पुढे गेली. नाशिक जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो १८६९ मध्ये झाला आणि मालेगाव, नांदगावकडचा मुलूख त्याआधी खानदेशात मोडत असे. म्हणजे हा काही परक्या प्रांताचा इतिहास नव्हे. आमच्या पाठ्यपुस्तकात मात्र १८५७ आहे, १८५२ नाही. शेतकऱ्याने मोजणीदाराला 'थांब' म्हटलं, ही माझ्या मते आपल्याकडची पहिली मोठी हरकत. नोटीस नाही, मुदत नाही, नमुना अर्ज नाही.

याच १८५२ साली राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून जगातलं सर्वांत उंच शिखर निघालं, असं सांगतात. शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टसाहेबाचं. सिकदारांचं नाव निदान आता घेतलं जातं. सय्यद मीर मोहसिन हुसेन यांचं घेतलं जात नाही. अर्काटचा माणूस, मद्रासमध्ये एका जवाहिऱ्याकडे कामाला. नाजूक यंत्रं दुरुस्त करण्यात हात असा की सर्वेक्षण खात्याने त्यांना कलकत्त्याला नेलं. विलायतेहून आणलेला यंत्रकार बॅरो याच्या जागी मोहसिन हुसेनच हवेत म्हणून एव्हरेस्ट सरकारशी भांडला. हिमालय ज्या थिओडोलाइटांनी मोजला ती जगवणारे हात त्यांचे. आणि हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा लॅम्टन मेला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, १८२३ मध्ये. त्याची कबर आजही तिथे आहे. विषयांतर झालं खरं. पण 'नकाशे वगैरे आपलं काम नव्हे' असं आमच्या मोहल्ल्यात सर्रास बोललं जातं, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

मोजणीतून गावनकाशे झाले, टिपणं झाली, आकारबंद झाले. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना कागद एक बोलतो, नवा दुसरंच. ज्याच्याकडे आजोबांची सनद आहे त्याला आजच्या नकाशावर स्वतःचं घर सापडत नाही. तरी कायदा स्वच्छ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम ३२७ सांगतं की नकाशे आणि जमिनीचे अभिलेख नियमांप्रमाणे व फी घेऊन लोकांना पाहण्यासाठी खुले असतील आणि अर्ज करणाऱ्याला उतारे मिळतील. वाचून मला आश्चर्य वाटलं. मी समजत होतो की नक्कल देणं ही कार्यालयाची मेहेरबानी असते.

त्याच १९६६ मध्ये दुसरा कायदा आला, प्रादेशिक व नगररचना अधिनियम. आपल्याकडे नगररचनेचा पहिला कायदा त्याच्या पन्नास वर्षं आधीचा, १९१५ चा मुंबई इलाख्याचा. नव्या कायद्याप्रमाणे आराखडा करण्याआधी कलम २५ खाली जमिनीची पाहणी करून विद्यमान वापराचा नकाशा बनवायचा. मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा जाहीर करून हरकती व सूचना मागवायच्या. मग सुनावणी. सगळी इमारत या २५ च्या पायावर उभी आहे. आज काय आहे हेच चुकीचं लिहिलं, तर उद्या काय असावं यावरची चर्चा हवेतली.

मुंबईने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. महापालिकेने २०१४ ते २०३४ च्या आराखड्यासाठी विद्यमान वापराचे नकाशे केले आणि २०१२ मध्ये ते लोकांसमोर ठेवले. लोकांनी आपापल्या वॉर्डात फिरून चुका काढायला सुरुवात केली. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला, तोही चुकांनी भरलेला. असलेल्या इमारतींवरून रस्ते, प्रार्थनास्थळं गायब, वारसा वास्तू गायब. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा दुरुस्त करून पुन्हा आणायला सांगितलं, आणि नवा आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. मुंबईत वास्तुविशारद होते, संस्था होत्या, इंग्रजी वर्तमानपत्रं होती. नकाशे संगणकावर उघडून दोन थर एकमेकांवर ठेवून पाहणारी माणसं होती. जिन्याखालच्या नकाशासमोर बॅटरी घेऊन उभे राहणारे आम्ही दोघे, आमच्याकडे काय होतं?

पुण्यात मात्र हे काम अगदी खालून झालं आहे. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी १९९३ मध्ये शेल्टर असोसिएट्स सुरू केली. सरकारी नकाशावर झोपडपट्टी म्हणजे एक ठिपका किंवा रिकामी जागा. त्यांनी वस्त्यांमधल्याच लोकांना, त्यातही बायकांना, बरोबर घेऊन घर न् घर मोजलं आणि नकाशावर बसवलं. कुठे नळ, कुठे गटार, कुठे संडास नाही. मग महापालिकेला सांगता आलं की सांडपाण्याची नळी इथून चार पावलांवर आहे, घराघरात संडास होऊ शकतो. पुढे सांगलीतही त्यांनी हे केलं. यात कुठेही कोर्टकचेरी नाही.

एक गोष्ट मात्र माणसाला बुचकळ्यात टाकते. भारतीय सर्वेक्षण खातं १७६७ पासूनचं. लोकांच्या पैशाने केलेले नकाशे, आणि लोकांनीच ते बाळगायची चोरी. १९६७ पासून सीमा आणि किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे संरक्षण खात्याच्या बंधनाखाली गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक मालिका आणि सर्वांसाठी दुसरी, अशी वाटणी केली. २०१७ मध्ये खुल्या मालिकेचे नकाशे आधार क्रमांक देऊन फुकट उतरवून घेता येऊ लागले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर भारतीय माणसाला, भारतीय कंपनीला नकाशे बनवण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढली. ऐकायला फार छान. पण ते खुले नकाशे १:५०,००० प्रमाणाचे. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. शंभर मीटरचा मोहल्ला दोन मिलिमीटरचा होतो. त्यावर माझं घर हे शाईच्या टिंबाहून लहान. जमिनीचा वापर ठरतो तो मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर, आणि तो जिन्याखाली.

ब्रिटनमध्येही असंच होतं. तिथल्या सरकारी नकाशा खात्याचा तपशील महाग आणि बंधनात. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ठरवलं की आपणच जीपीएस घेऊन रस्ते चालायचे आणि नकाशा काढायचा. त्यातून ओपन स्ट्रीट मॅप उभा राहिला, जो आज जगभर कुणीही वापरू शकतो, दुरुस्त करू शकतो. २०१० मध्ये त्या सरकारी खात्यालाही बऱ्यापैकी माहिती खुली करावी लागली.

आपल्याकडे दार ठोठवावं लागतं. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला. कुठला तालुका किती संवेदनशील, याचे नकाशे त्यात होते. आमच्या जिल्ह्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भागही त्या घाटातच येतो. अहवाल दाबून ठेवला गेला. माहितीच्या अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने तो द्या म्हटलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत आणि नंतरही गावोगाव अफवा पिकल्या की शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही. कागद लपवला की अफवेला रान मोकळं. गाडगीळांचं म्हणणं होतं की हे सगळं ग्रामसभांपुढे त्यांच्या भाषेत ठेवा, त्यांना ठरवू द्या. त्यांच्याशी सहमत असो वा नसो, वाचायला तर मिळायला हवं होतं.

हे मी मनमाडमध्ये बसून लिहितोय, आणि मनमाड हे नकाशावरच्या रेषांनीच घडवलेलं गाव आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी रेल्वे इथून गेली. १८७८ मध्ये दौंडची रेषा येऊन मिळाली. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मीटरगेज आली. मग वर्कशॉप, मग धान्याची गोदामं, पानेवाडीचे तेलाचे डेपो. गावाच्या नकाशावर रेल्वेची जमीन वजा केली तर उरतं ते फाटक्या चादरीसारखं. माझे अब्बा त्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पुलाचे गर्डर बनायचे तिथे. सातवी नापास माणूस, पण निळं ड्रॉइंग समोर पसरलं की बोट ठेवून सांगायचे, हा रिव्हेट इथे बसतच नाही, वर जाऊन विचारा. आणि वरून कुणीतरी खाली यायचं. ड्रॉइंग खाली शॉपमध्ये असायचं, टेबलावर, ग्रीसचे डाग पडलेलं. लहानपणी मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

आता २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर नवी लाइन मंजूर केली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानकं. मालेगाव, धुळे पहिल्यांदा नीट जोडले जातील. मागणी फार जुनी, आनंद सगळ्यांनाच झाला, मलाही. त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर लोक मोबाइल दाखवू लागले. कुणीतरी उपग्रहाच्या चित्रावर लाल रेघ ओढून फिरवलेली. दर दोन दिवसांनी नवी रेघ. एका रेघेने एकाची विहीर गेली, दुसरीने परत आली. रेल्वेच्या भूसंपादनातही राजपत्रात गट क्रमांक छापून येतात आणि हरकतीला ३० दिवस असतात. पण नुसता गट क्रमांक वाचून कळत नाही की गटाचा कुठला कोपरा जाणार. नकाशा पाहिल्याशिवाय शेतकरी हरकत घेणार कशावर?

आमच्या समाजापुढे आणखी एक कागद उभा आहे. ६ जून २०२५ ला केंद्राने वक्फ मालमत्तांसाठी उमीद पोर्टल सुरू केलं आणि सहा महिन्यांत देशातल्या सगळ्या नोंदी, जिओटॅगिंगसकट, तिथे चढवायला सांगितलं. कायद्याच्या बऱ्यावाईटात मी इथे जात नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल. मला दिसली ती धावपळ. दोन-तीन मशिदींच्या मुतवल्लींना मी अर्ज भरायला मदत केली. एकाकडे १९३० च्या दशकातली मोडीतली सनद, एकाकडे काहीच नाही. कब्रस्तानाचं क्षेत्र किती, चतुःसीमा काय? "बुजुर्गां को मालूम था." बुजुर्ग आता त्याच कब्रस्तानात आहेत. नक्कल काढून ठेवायचं काम चाळीस वर्षं कुणाला सुचलं नाही, हा दोष सरकारच्या माथी मारता येणार नाही. १८ फेब्रुवारी २०२५ ला शहरी जमिनींच्या मोजणीसाठी १५२ नगरांमध्ये केंद्राचा नवा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं नावच 'नक्शा' आहे. विमान आणि ड्रोनने मोजणी होणार. वरून छप्पर दिसतं. छपराखाली कोण राहतं ते खालच्या माणसाने सांगायचं असतं, तेव्हा आपण दारात हजर असायला हवं.

त्या मोहल्ल्याचं काय झालं, ते राहिलं.

नक्कल मिळेपर्यंत थांबलो असतो तर मुदत गेली असती. पुढच्या रविवारी आम्ही तिथे गेलो. बरोबर तो आठवीतला मुलगा आणि त्याचे दोन मामेभाऊ. मराठीत खानेसुमारी असा एक जुना शब्द आहे, खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. ती केली. चौसष्ट घरं, एक अंगणवाडी, एक पिठाची गिरणी, तीन हातपंप. मुलांनी मोबाइलवर चालण्याची वाट नोंदवणारं ॲप सुरू करून सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. संध्याकाळी ती वाट उपग्रहाच्या चित्रावर टाकली तर मोहल्ल्याचा आकार कागदावर उमटला, थोडा वाकडा, पण ओळखू येणारा. प्रत्येक घराला नंबर, घरमालकाचं नाव, वीजबिलाची झेरॉक्स. एका म्हातारीने खरेदीखत द्यायला नकार दिला. कागद हातातून गेला की जमीन जाते, हे तिने आयुष्यात पाहिलेलं. मग ती स्वतःच झेरॉक्सच्या दुकानापर्यंत कागद छातीशी धरून आली.

हरकत मी मराठीत लिहून दिली. एकाची नाही, चौसष्ट वेगवेगळ्या, कारण एका अर्जाला एकच पोच मिळते. स्वीकारणाऱ्या कारकुनाने शिक्का मारता मारता विचारलं, "एवढ्या?"

सुनावणी पाच महिन्यांनी झाली. चौघांच्या समितीसमोर मुलाच्या वडिलांनी आमचा कागद पसरला. त्यातल्या एकाने, बहुधा नगररचनेकडच्या, चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला. आपला नकाशा मागवला आणि शेजारी ठेवला. ओढ्यावर बोट, जिनिंगवर बोट, मग हिरव्या रंगावर. "हे बेसमॅप जुनं आहे," तो दुसऱ्याला म्हणाला. आमच्याशी बोलला नाही, पण त्या कागदाची प्रत ठेवून घेतली.

विद्यमान वापराच्या नकाशात मोहल्ला आता पिवळा झाला आहे. रस्त्याची रेषा थोडी सरकली. चौसष्टपैकी नऊ घरं अजूनही तिच्यात येतात, आणि त्या नऊमध्ये मुलाच्या आजोबांचं घर आहे. आराखडा मंजुरीसाठी वर गेलेला आहे. या वेळी नक्कल आमच्याकडे आहे, दोन प्रती, एक दुकानात आणि एक माझ्या कपाटात.